कानबाईच्या सोमवारी काढलेली तार

मिलच्या शेठनी कामासाठी सोमवार दिला आणि मी तिथल्या तिथं हो म्हणालो. तो सोमवार कुठला, हे मला चांगलं माहीत होतं. सुरतेच्या लिंबायतमध्ये राहून ते माहीत नसणं शक्य नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांमध्ये कानबाई ही देवी बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात, आणि सोमवारी सकाळी तिचा चौरंग डोक्यावर घेऊन तापीवर जातात. भेस्तानच्या ज्या मिलमध्ये आमचं काम होतं, तिथले कापडाच्या घड्या घालणारे, गाठी बांधणारे, ट्रक भरणारे बहुतेक लोक खानदेशातले. त्या दिवशी त्यांच्यातलं कोणी फिरकत नाही. कापड रंगत राहतं, पण माल हलत नाही.

"सोमवारे सवारे करी नाखो ने," शेठ म्हणाले. "ते दिवसे कोई आवतुं ज नथी." सोमवारी सकाळी करून टाका, त्या दिवशी कोणी येतच नाही.

सरांनी, म्हणजे ज्यांच्याकडे मी कॉम्प्युटरच्या तारा जोडायचं काम करतो त्यांनी, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढंच झालं. आणि त्याच्या आधीच्याच आठवड्यात मायला मी शब्द देऊन बसलो होतो, की यंदा सोमवारी तिच्या घरचा चौरंग मी डोक्यावर घेईन.

माय म्हणजे माझी घरमालकीण. मी तिच्या घरावरच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. मी हिंगोलीकडचा; आमच्याकडे कानबाई नाही, तिचं नावही मी इथं आल्यावर ऐकलं. नववीत शाळा सुटली आणि रस्त्याकडेला केबल पुरणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत सुरतेला पोचलो. टोळी पुढं गेली, मी राहिलो. पहिल्याच पावसाळ्यात तापानं पडलो तेव्हा माय जिना चढून वर आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि खाली जाऊन भाकरीच्या तुकड्याचं पातळ कालवण घेऊन आली. तेव्हापासून मी खालीच जेवतो. गावाकडं माझी आई आहे, धाकटा भाऊ आहे. फोनवर आई विचारते, जेवलास का, आणि मी हो म्हणतो तेव्हा ती गप्प होते. तिला आनंद होतो की वाईट वाटतं, मला अजून कळलेलं नाही.

मायला मुलगा नाही. मुलगी नवापूरकडं दिलेली. तिचे यजमान, म्हणजे बाबा, लूमच्या खात्यात मास्तर होते. लकवा आला आणि उजवा हात गेला. तो पोटाशी दुमडलेला असतो, जेवताना मांडीवर ठेवतात. त्या घरची रीत अशी, की चौरंग घरच्या पुरुषानंच न्यायचा. बाबांचा हात गेल्यावर एक पुतण्या नेत होता, तो आता सिल्वासाला गेला.

कानबाईच्या नैवेद्याला गव्हाचे जाड रोट असतात. त्यांच्या गव्हातून घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढतात, आणि ते रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. गेल्या वर्षी माय उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. बाबांच्या नावाचे तिनं सुपात टाकले, मग माझ्याकडं न बघता आणखी एकदा मूठ भरली. मी पाण्याची बाटली घ्यायला खाली आलो होतो. ती तशीच हातात धरून उभा राहिलो. वर जाऊन थोडा रडलो, हे तिला अजून माहीत नाही.

तेव्हा यंदा ती म्हणाली, "आवंदा चौरंग तू लई जाय," तर नाही कसं म्हणणार? तरी मी म्हणून बघितलं.

"माय, मी तुमच्यातला नाही. लोक काय म्हणतील?"

"तुना नावनी मूठ टाकेल शे. मंग आते मांगे काय सरकस?" तुझ्या नावाची मूठ टाकली आहे, मग आता मागं काय सरतोस.

बाबा खाटेवरून म्हणाले, "डोकामा कॉम्प्युटर, डोकावर चौरंग. चाली जाई." आणि स्वतःच हसले.

मी हो म्हणालो. ते हो खरं होतं. पण खरं सांगायचं तर त्या क्षणापासून मला भीती वाटायला लागली. नारळाला डोळे काढलेले, नथ घातलेली, साडी नेसवलेली, तीच त्यांची देवी. चौरंगावर तिला बसवून, डोक्यावर तोलून, बँडच्या पुढं, सगळ्या गल्लीच्या देखत चालायचं. लोक मध्ये मध्ये थांबवून नाचतात. रस्त्यात खड्डे. आणि मी परका. चौरंग कलला, नारळ पडला, तर ते काही माझं पडणं नव्हतं, त्या घरचं पडणं होतं. रात्री झोपताना मला तो नारळ घरंगळत गटारीकडं जाताना दिसायचा.

आणि मग शेठनी सोमवार दिला.

सर मूळचे बडोद्याचे मराठी. त्यांच्याकडं मी कसा लागलो ते थोडक्यात सांगतो. एका इमारतीत आम्ही केबल ओढायला गेलो होतो, आणि काम संपल्यावर मी दारात उभा राहून त्यांचं काम बघत होतो. ते मागं न वळता म्हणाले, "बघायचं असेल तर आत येऊन बघ. दारात उभा राहिलास की उजेड अडतो." मी आत गेलो. अजून आतच आहे. माझं शिक्षण किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही. नवीन ठिकाणी गेलो की ते म्हणतात, हा माझा माणूस आहे. प्रत्येक वेळी मी पिशवीतल्या तारा चाळायला लागतो, की आता समोरचा विचारणार, काय शिकलाय? अजून कोणी विचारलेलं नाही. पण रोज वाटतं, आज विचारतील.

मिलचं काम असं होतं. एका लोखंडी पेटीत पातळ पातळ सर्व्हर उभे खोचलेले, कपाटात पुस्तकं लावावी तसे. त्यांना ब्लेड म्हणतात. एकेका ब्लेडच्या पोटात चार-सहा व्हर्चुअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर, चालतात. एकावर मिलचा हिशोब, एकावर रंगाची रेसिपी, एकावर माल बाहेर काढायचं बिल. या सगळ्यांना बाहेर बोलायला पेटीच्या मागून तारा निघतात, त्या अपलिंक. आम्ही तारांचे दोन जुडगे केले होते. एका जुडग्यातल्या तारा मिळून एकच जाड तार असल्यासारख्या चालतात. त्यातली एक तुटली तर बाकीच्या भार उचलतात. एक जुडगा एका स्विचला, म्हणजे जिथून सगळी वाहतूक वाटली जाते त्या पेटीला, दुसरा दुसऱ्या स्विचला. एक स्विच अख्खा मेला तरी काम थांबू नये.

पण हे सगळं कागदावर. खरं आहे की नाही ते कळायला एकच उपाय: चालू असताना तार काढायची आणि बघायचं. त्याला कोणी तयार होत नाही. चालतंय ना, मग हात कशाला लावता, असं सगळे म्हणतात. शेठसुद्धा दिवाळीपासून हेच म्हणत होते. म्हणून त्यांनी सोमवार दिला तेव्हा सर इतके खूश झाले, की मध्ये कानबाईचा विषय काढणं मला जमलंच नाही. मी मनात हिशोब केला. सकाळी लवकर सुरू करू, नवाच्या आत संपेल, दहाला बँड येतो, भेस्तानहून लिंबायत रिक्षानं कितीसं लांब.

सोमवारी मी निघालो तेव्हा गाणी चालूच होती. माय रात्रभर जागी होती, डोळे लाल, केसांत फूल. कानबाई कोपऱ्यात चौरंगावर बसलेली, डोळ्यांत काजळ. मी पाया पडलो.

"दहा वाजता बँडवाला ई," माय म्हणाली.

"मी त्याच्या आधी येतो."

"तू उना का मंगच उचलसूत." तू आल्यावरच उचलू.

मिलमध्ये सर माझ्या आधी पोचले होते. लोचोचा, म्हणजे इथल्या वाफवलेल्या डाळीच्या नाश्त्याचा, पुडा आणला होता त्यांनी, त्याच्यावर शेव आणि कांदा. सर्व्हरच्या खोलीत खायचं नाही म्हणून आम्ही जिन्यात उभं राहून खाल्लं. खालून रंगाच्या वाफेचा वास येत होता. सरांना मी तेव्हा सांगितलं, की मला दहाच्या आत घरी जायचंय, चौरंग न्यायचाय.

"तू नेणार?" ते म्हणाले. "अरे वा. मग आधी सांगायचं ना, वेड्या. दुसरा दिवस मागितला असता."

"होईल तोवर."

"होईल," ते म्हणाले.

पहिल्या जुडग्यातली एक तार मी काढली. लॅपटॉपवर सगळ्या मशीनांची उत्तरं एकामागून एक येत होती, ती येतच राहिली. परत लावली. दुसरी काढली. काही नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि आमच्या कामात यालाच यश म्हणतात. मग पहिला जुडगा पूर्ण काढायचा होता, म्हणजे एक स्विच मेलाच असं समजायचं. मी तारा एकेक ओढल्या. हिशोबाचं मशीन उत्तर देत होतं. रंगाचं देत होतं. बिलाचं थांबलं.

खालून गोदामातल्या कारकुनाचा फोन आला. त्या दिवशी तो एकटाच आला होता. "साहेब, बिल नथी निकळतुं."

सरांनी तारा परत लावायला सांगितल्या. बिल निघायला लागलं. मग ते दुसऱ्या स्विचपाशी बसले आणि थोड्याच वेळात हसले. प्रत्येक खात्याच्या वाहतुकीला एक क्रमांक दिलेला असतो, आणि स्विचला सांगून ठेवावं लागतं की हा क्रमांक आत सोड. गोदामाचा क्रमांक पहिल्या स्विचला सांगितलेला होता. दुसऱ्याला नव्हता.

"मीच घातला होता हा, नवीन शेड उघडली तेव्हा," सर म्हणाले. "एका बाजूला घातला आणि चहाला गेलो असेन. बघ, म्हणून तार काढून बघायची."

त्यांनी क्रमांक घातला, मी तारा पुन्हा ओढल्या. बिलाच्या मशीननं क्षणभर दम खाल्ला आणि उत्तर दिलं. मी तारा परत लावल्या. झालं. घड्याळात नऊ वाजून थोडं गेलं होतं.

"जा आता," सर म्हणाले. "दुसऱ्या बाजूचा जुडगा राहिलाय, तो मी काढतो. कारकून आहे खाली, सांगेल तो."

यापुढचं मला लिहायला जड जातं. सरांनी जा म्हटलं होतं. अडवणारं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "सर, बाकीचे क्रमांकपण एकदा बघू या का? एक राहिला तर आणखीही राहिला असेल."

हे म्हणणं चूक नव्हतं. कोणीही म्हणालं असतं. पण मी ते कामासाठी म्हणालो नव्हतो, हे म्हणतानाच मला कळत होतं. त्या थंड खोलीत माझ्या हातातून काही पडणार नव्हतं. तिथं चुकलं तर तार परत लावता येते. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना बहुतेक वाटलं, केवढा जबाबदार आहे हा. त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं, आणि मला ते आवडलं. तेही खरं आहे.

आम्ही एकेक क्रमांक दोन्ही स्विचवर पडताळायला बसलो. सर वाचत होते, मी बघत होतो. सगळे बरोबर होते. फोन वाजला. शेजारच्या सुनेचा नंबर, म्हणजे माय. मागं बँड.

"कोठे शे तू?"

"निघालोच, माय."

मी खुर्चीत बसलेलो होतो. सरांनी मान वर करून बघितलं आणि पुढचा क्रमांक वाचला. मी उठायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "हा बरोबर आहे, पुढचा."

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. मी उचलला नाही, म्हणजे आता मी रस्त्यात आहे आणि रिक्षाच्या आवाजात ऐकू येत नाही, असं तिला वाटेल. दुसऱ्या बाजूचा जुडगा ओढला. सगळी मशीनं उत्तर देत होती. परत लावला. सर म्हणाले, "आता मात्र जा. नाहीतर मी तुला हाताला धरून खाली सोडतो." मग मी उठलो.

रिक्षा उधन्याकडनं एरवी लवकर पोचते, पण त्या दिवशी मिरवणुकींमुळं रस्ता भरला होता. एकामागून एक चौरंग तापीकडं चालले होते. बायका डोक्यावर पदर घेऊन नाचत होत्या. मी प्रत्येक चौरंगाखाली कोण आहे ते बघत होतो. एका ठिकाणी एक पोरगेलेसा माणूस दोन्ही हातांनी चौरंग धरून अगदी आरामात चालला होता, तोंडात तंबाखू.

मी गल्लीत पोचलो तेव्हा घराचा कोपरा रिकामा होता. जमिनीवर तांदूळ, हळद, एक सुकलेला विडा. शेजारची सून फरशी पुसत होती. ती म्हणाली, "गया. कवयनाच गया." केव्हाचेच गेले होते. मग मी तिथंच बसून राहिलो. नदीवर जाण्यात अर्थ नव्हता. परत येताना वाटेत भेटले असते तर मी कुठं बघितलं असतं?

ते आले तेव्हा आधी बाबांचा आवाज आला. मी इतक्या वर्षांत तो इतका मोठा ऐकला नव्हता. ते आत आले, कपडे ओले, कपाळावर गुलाल, मान एका बाजूला धरलेली. मागून माय, हातात रिकामा चौरंग.

"मी लई गऊ," बाबा मला म्हणाले. "एक हातवरी. आख्खी गल्ली देखी ऱ्हायनी व्हती."

एका हातावर चौरंग त्यांनीच नेला होता, सगळ्या गल्लीच्या देखत.

"तू नही उना ते बरंच व्हयनं," ते म्हणाले. तू आला नाहीस ते बरंच झालं. आणि ते मनापासून म्हणत होते, त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. ते खाटेवर बसले आणि कुठल्या चौकात थांबले, कोणी पाया पडलं, कोण म्हणालं की मास्तर अजून दम आहे, ते सांगायला लागले. दोनदा सांगितलं. माय पाणी घेऊन आली.

मी म्हणालो, "माय, तिथं काम—"

"तुनं काम व्हयनं ना?"

"झालं."

"मंग." ती पेला बाबांच्या डाव्या हातात देऊन म्हणाली, "बँडवाल्याले मी सांगत ऱ्हायनू, ई ऱ्हायना, ई ऱ्हायना. बाकीना समदा पुढे चालना गयात." येतोच आहे, येतोच आहे, असं ती सांगत राहिली होती, आणि बाकीचे सगळे पुढं निघून गेले होते. ती हे रागानं म्हणाली नाही, जे झालं ते सांगितलं, इतकंच.

बाबांची मान दुखत होती, पण कबूल करत नव्हते. मी खोबरेल तेल आणलं आणि त्यांच्यामागं बसून चोळायला लागलो. उजव्या बाजूला, जिथं हात असून नसल्यासारखा, खांद्याच्या वर गाठ आली होती, बोटांखाली लागत होती. तेवढा वेळ त्यांनी अख्खा भार मानेवर घेतला होता. दुसरा हात नव्हता तर मानेनं केलं. आमच्या खोलीत एक जुडगा काढला की दुसरा भार उचलतो आणि आम्ही हसतो, लोचो खातो. तो भार कुठं जातो, हे मी कधी हात लावून बघितलं नव्हतं.

"जोरानं चोळू?" मी विचारलं.

"चोय. पन तिले सांगू नको," ते हळूच म्हणाले.

मायला सांगायची गरज नव्हती. ते आडवे झाले, डोळा लागला, तशी ती मला मागच्या दाराशी घेऊन गेली. मला वाटलं, आता बोलेल. मी बोलायला तयार होतो, माफी मागायला, सगळं सांगायला: सरांनी जा म्हटलं होतं, मी बसून राहिलो, रस्त्यात नव्हतो. तिनं मला मध्येच थांबवलं.

"भेव वाटनं ना तुले?"

मी मान खाली घातली.

"माले माहीत व्हतं. तवाच माहीत व्हतं." ती चौरंग पुसत होती. "पुढला साल त्यासनी मान चालाव नही. ते नही म्हनतीन. पन चालाव नही." पुढच्या वर्षी बाबांची मान साथ देणार नाही, आणि ते कबूलही करणार नाहीत. मग तिनं चौरंग उचलला आणि माझ्यापुढं धरला. "ले."

"आत्ता?"

"आते त्यानावर कोनी नही. पडना ते पडना."

तिनं तो माझ्या डोक्यावर ठेवला. रिकामा, ओला, हळदीचा वास येणारा. मी दोन्ही हात वर केले. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो हलका होता, आणि तरी मी पायाखालची फरशीच बघत होतो. मागच्या दारापासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत जेमतेम घर. मी चालायला लागलो. शेजारची सून फडकं हातात घेऊन बाजूला झाली आणि हसू दाबत उभी राहिली. मी खाटेपाशी आलो तेव्हा बाबांनी डोळे उघडले. ते जागेच होते की आता जागे झाले, मला माहीत नाही. त्यांनी मला बघितलं, मग मायकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा सकाळचा आनंद थोडा उतरला, ते मी चौरंगाच्या कडेखालून बघितलं. पुढच्या वर्षी चौरंग कोण नेणार, हे त्यांनाही कळलं होतं.

मग ते म्हणाले, "खाले नको देखू. समोर देख. मान सरय ठेव."

मी मान सरळ केली.